शेतांतील बिनतारी खांब : जागा, ताण व वीज

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां शिकलेलीं मुलें आहेत, आणि त्यांतील एखाद्यास हौशी बिनतारीचा, म्हणजे ज्यास हॅम रेडिओ म्हणतात त्याचा, नाद लागलेला असतो. केंद्र सरकारची परीक्षा देऊन व परवाना मिळवून असा मुलगा वडिलांपाशीं उंच खांबासाठीं शेतांत जागा मागतो. वडिलांस हें खूळ वाटतें. परंतु हें निव्वळ खूळ नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीस व २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत भूकंप झाला, त्या दोन्ही वेळीं या हौशी मंडळींनीं निरोप पोंचविण्याचें काम केलें. तेव्हां जागा जरूर द्यावी. मात्र कोणती द्यावी, याचा विचार आधीं करावा.

हें लिहिण्यास आमचीच एक चूक कारण झाली आहे. आमच्या पुतण्यानें ४० फूट उंचीचा लोखंडी नळीचा खांब उभा केला. तीन ताणांपैकीं एकाचा खुंट बांधापलीकडे शेजाऱ्याच्या रानांत जात होता. आम्ही म्हणालों, "दोन हात गेला तर काय बिघडतें?" पुढें नांगरटीच्या वेळीं शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा फाळ त्या ताणास अडकला, खुंट उपटून आला, आणि खांब उलट बाजूस, रस्त्याकडे कोसळला. तेथून विजेची उच्च दाबाची तार गेली आहे. खांबाचा शेंडा तिच्या रांगेच्या दोन हात अलीकडे पडला. खांबापाशीं पुतण्या उभा होता. महसुलाच्या नोकरींत बांधाचे तंटे आम्ही जन्मभर कागदावर उतरविले, आणि घरच्या खुंटास मात्र बांध ओलांडूं दिला, याची आम्हांस लाज वाटते.

खांब ताणांवर उभा असतो, हें थोरामोठ्यांसही महागांत शिकावें लागलें आहे. मार्कोनीनें इंग्लंडांत पोल्डू येथें सुमारें २०० फूट उंचीचे २० खांब वर्तुळांत उभारले होते. त्यांचे शेंडे एकमेकांस तारांनीं जखडलेले होते. सप्टेंबर १९०१ च्या वादळांत ते सगळे कोसळले. त्याच वर्षीं डिसेंबरांत न्यूफाउंडलंडांत समुद्रापलीकडचा संकेत ऐकूं आल्याचें त्यानें जाहीर केलें, तो पतंगानें वर उचललेल्या तारेवर.

आतां कामाच्या गोष्टी. पहिली जागेची. खांब कोणत्याही बाजूस पडला तरी तो किंवा त्याची एरियल विजेच्या तारेस लागूं नये. म्हणून खांबाच्या उंचीच्या निदान दीडपट अंतर सोडावें. ४० फुटांस ६० फूट. एरियलची तार त्याहून लांब पसरत असेल तर अंतर आणखी वाढवावें. तारेखालीं किंवा तारेवरून एरियल कधींही नेऊं नये.

दुसरी ताणांची. तीन ताण सारख्या अंतरानें तीन दिशांस बांधावे; ४० फुटी खांबास एक जोड शेंड्याजवळ व एक मध्यावर. खुंट बुडापासून सुमारें ३० फुटांवर, काँक्रीटमध्यें बसवावे. कुंपणाच्या बाभळीस ताण बांधूं नये. सर्व खुंट आपल्याच हद्दींत येतात कीं नाहीं, हें खड्डा खणण्यापूर्वीं साखळीनें मोजावें. येत नसतील तर शेजाऱ्याची संमति लेखी घ्यावी. ताणांस खालीं रंगीत चिंध्या बांधाव्या, म्हणजे औत हाकणाऱ्यास ते दिसतात.

तिसरी एरियलची. ७ मेगाहर्ट्झच्या लहरीसाठीं तांब्याच्या तारेचे दोन हात लागतात, प्रत्येक सुमारें ३३ फूट. तार थोडी लांब ठेवून मागाहून कापावी. तोडलेली तार वाढत नाहीं. मध्य शेंड्यावर व टोकें दोन बाजूंस उतरतीं ठेवावीं. संदेश पाठवितांना टोकांवर मोठा दाब येतो, म्हणून तीं माणसाच्या वा जनावराच्या आटोक्यांत न येतील अशीं, निदान १० फूट उंच, नायलॉनच्या दोरीनें बांधावीं.

चौथी आकाशांतल्या विजेची. खांबाच्या बुडाशीं ८ फुटी तांब्याचा मुलामा दिलेली सळई ठोकून ती जाड तांब्याच्या तारेनें, तीव्र वळण न देतां, खांबास जोडावी व घराच्या अर्थिंगशींही जोडावी. ढग गडगडण्यापूर्वींच केबल यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवावी. वळवाच्या दिवसांत हा नियम मोडूं नये.

खांब उभा करण्याचें काम वारा नसतां, दिवसाउजेडीं, प्रत्येक ताणावर एक जाणता गडी ठेवून करावें. आमचा खांब आतां रस्त्यापासून दूर, विहिरीशेजारच्या माळावर उभा आहे. तो उभारतांना एका ताणावर तोच शेजारी होता. ताण धरण्यापूर्वीं त्यानें खुंट कोणाच्या हद्दींत आहे तें विचारलें, व आम्ही साखळी टाकून दाखविलें.