एकच ‘पिऊ’, अर्थ तीन

क्रियापदाचे रूप पाहिले की काळ कळतो, अशी आपल्या विद्यार्थ्यांची समजूत असते. बहुतेक ठिकाणी ती चालून जाते. ‘आम्ही पिऊ’ या रूपापाशी मात्र अडते. ‘उद्या आम्ही ताक पिऊ’ हा भविष्यकाळ. ‘आम्ही पाणी पिऊ का?’ हा आज्ञार्थ. त्यात अनुज्ञा मागितली आहे. आणि ‘लहानपणी आम्ही भीमेचे पाणी पिऊ’ हा रीतिभूतकाळ. आज बोलताना आपण ‘प्यायचो’ म्हणतो. म्हणून शिरूर-दौंडकडील आमच्या मुलांना हा तिसरा अर्थ सहसा सुचत नाही.

हे रूप एक का झाले? ज्ञानेश्वरांच्या काळी ‘करी’ हा वर्तमानकाळ होता. पुढे ‘करतो’ रूढ झाले आणि ‘करी’ गतकाळातील सवयीकडे सरकले. त्याच ‘करी’ला ‘ल’ जोडून ‘करील’ हा भविष्यकाळ घडला. ‘आम्ही करू’ला तो ‘ल’ लागलाच नाही. (फ्रेंच भाषेतही ‘नू पार्लियों’ हे एकच रूप भूतकाळाचे आणि संशयार्थाचेही आहे, तेव्हा हा दोष केवळ मराठीचा नव्हे.)

परीक्षेतील एका गुणापुरता हा प्रश्न असता, तर आम्ही लिहिले नसते. जुन्या पिढीच्या आठवणींत असे वाक्य येऊ शकते : ‘आम्ही विहिरीपासून दूर थांबू, कोणी वरून पाणी घाली, तेव्हा पिऊ.’ यातील ‘थांबू’ भविष्यकाळी वाचले, तर आपल्या आजोबांनी दूर राहण्याचे जणू कबूलच केले होते, असा विपरीत अर्थ निघतो. येथे शेजारचे ‘घाली’ पाहावे. तृतीय पुरुषात तिन्ही रूपे वेगळी असतात : घालील, घालो, घाली. म्हणजे सांगणारा सोसलेली रीत सांगतो आहे, संमती देत नाही.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे आले. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्राशन झाले. त्या दिवसाच्या संदर्भात ‘आम्ही पिऊ’ लिहिले, तर तो निश्चय होतो. अक्षरे तीच राहतात.

‘तुम्ही’च्या रूपातही अशी गफलत होते. ‘तुम्ही करा’ ही आज्ञा आहेच. पण व्याकरणाच्या जुन्या तक्त्यांत तेच रूप रीतिभूतकाळातही दिलेले असते. तेथेही पुरुष बदलून पाहावा.