रातपाळी आणि चमचाभर साखर

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणं सोपं नाही. मागणी हलली की कोळसा, वाफ, टर्बाइन सगळ्यांना त्याच क्षणी हलावं लागतं. तिथे रातपाळीला पॅनेलसमोर बसलेल्या माणसाच्या शरीरातही असाच हिशेब चालू असतो, फक्त कितीतरी नाजूक. त्याच्या पाच लिटर रक्तात साखर असते जेमतेम पाच ग्रॅम. एक चमचा! भाताच्या एका ताटातून त्याच्या दहापट येते, तरी निरोगी शरीर दोन-तीन तासांत पुन्हा त्या चमच्यावर येतं.

ही किमया इन्शुलिनची. पण ते बनवणाऱ्या स्वादुपिंडालाही दिवस-रात्र कळते. अंधारात वाढणारं मेलाटोनिन हे संप्रेरक इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींपर्यंत पोचतं आणि त्यांचं काम मंदावतं. म्हणून दुपारी सहज पचणारा डबा रात्री दोनला उघडला, तर साखर जास्त चढते आणि उशिरा उतरते. वर्षानुवर्षं पाळ्या करणाऱ्यांमध्ये मधुमेहाचं प्रमाण अधिक आढळतं ते उगाच नाही.

‘मी तर सडपातळ आहे’ हा दिलासाही खरा नाही. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यूडकिन. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत नवजात बाळं मोजली, तेव्हा सरासरी २.७ किलोच्या त्या बाळांतही स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून असलेली दिसली. त्यामुळे काट्यापेक्षा पोटाचा घेर मोजावा. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, की उपाशीपोटीची साखर तपासायलाच हवी.

मला सर्वांत थक्क करतो तो स्नायू. तो आकुंचन पावला, की ग्लुकोज आत ओढणारी प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात, तेही इन्शुलिनच्या हुकमाविना! जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं की साखर खाली येते, ती यामुळे. चेन्नईच्या २००६ सालच्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांपैकी नेहमीसारखं जगणाऱ्या शंभरातल्या ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार आणि चालणं सांभाळणाऱ्यांत ३९ जणांना.

रातपाळी असेल तर मुख्य जेवण कामावर जाण्याआधी घ्यावं, मध्यरात्री थोडंच खावं. गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर पाळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांना दाखवून डोसाच्या वेळा ठरवून घ्याव्यात. जेवण चुकलं आणि डोस घेतला, तर साखर धोकादायकपणे उतरू शकते.