पाद्र्याने गाळलेला देव

अमेरिकेतल्या शाळांत रोज सकाळी उजवा हात छातीवर ठेवून, झेंड्याकडे तोंड करून मुलं निष्ठेची प्रतिज्ञा म्हणतात. ती एका पाद्र्याने लिहिली, आणि त्याने तिच्यात देवाचं नाव घेतलं नव्हतं. देव आला बासष्ट वर्षांनी. त्याला आणणारे होते राजकारणी.

फ्रान्सिस बेलामी हे बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक, विचाराने समाजवादी. प्रवचनांतून भांडवलशाहीवर ते इतके कोरडे ओढत की १८९१ मध्ये त्यांना बॉस्टनचं चर्च सोडावं लागलं. मग ते ‘यूथ्स कंपॅनियन’ या मुलांच्या साप्ताहिकात लागले. हे साप्ताहिक शाळांना झेंडेही विकायचं. कोलंबसच्या सफरीला चारशे वर्षं होत होती, त्या निमित्ताने शाळाशाळांत झेंडावंदन ठरलं. त्यासाठी बेलामींनी लिहिलेली छोटीशी प्रतिज्ञा ८ सप्टेंबर १८९२ च्या अंकात छापून आली. यादवी युद्धाच्या जखमा ताज्या होत्या, म्हणून राष्ट्र ‘अविभाज्य’ असल्याची ग्वाही तिच्यात होती. स्वातंत्र्य, समता, बंधुता या फ्रेंच त्रयीचा मोह त्यांना झाला होता. पण ते फार दूरचं स्वप्न ठरेल म्हणून स्वातंत्र्य आणि न्याय यांवर त्यांनी भागवलं. देशभक्तीच्या नावाने झेंडे खपवण्याचा हा उद्योग पाहून कुणी नाक मुरडेल, पण मजकूर मात्र नेटका उतरला होता.

पुढे त्यात डागडुजी होत राहिली. ‘माझा झेंडा’ म्हणताना स्थलांतरितांच्या मुलांच्या डोळ्यांसमोर मायदेशाचा झेंडा येईल, या भीतीने १९२३-२४ मध्ये अमेरिकेचं नाव घातलं गेलं. वंदनाची मूळ रीत झेंड्याकडे हात ताठ लांबवण्याची होती. हिटलरच्या सलामीशी तिचं साम्य डोळ्यांत खुपू लागलं, तेव्हा डिसेंबर १९४२ मध्ये हात छातीवर आला.

गंमत अशी की देव नसतानाही ही प्रतिज्ञा धर्माच्या आड आली. यहोवाचे साक्षीदार या पंथाला झेंड्याला वंदन करणं मूर्तिपूजेसारखं वाटे. शाळांनी त्यांच्या मुलांना काढून टाकलं. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळांची बाजू घेतली. त्यानंतर या पंथाच्या लोकांना ठिकठिकाणी मारहाण झाली, त्यांची प्रार्थनागृहं जाळली गेली. तीनच वर्षांत न्यायालयाने आपला निकाल फिरवला. १४ जून १९४३ रोजी न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहून ठेवलं की राष्ट्रनिष्ठेचे शब्द सरकारला कुणाच्याही तोंडून जबरदस्तीने वदवून घेता येणार नाहीत. या निकालाचा धागा आपल्याकडेही पोचला आहे. केरळमधली याच पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहत, पण गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढलं होतं. १९८६ मध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांच्या बाजूने निकाल देताना या अमेरिकी खटल्यांचा परामर्श घेतला.

आता १९५४. शीतयुद्ध ऐन भरात आहे. कॅथलिकांची ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ ही संघटना आपल्या बैठकांत ‘अंडर गॉड’ हे दोन शब्द प्रतिज्ञेत घालून म्हणू लागली होती. लुई राबो या प्रतिनिधिगृहाच्या सदस्याने त्यासाठी १९५३ मध्येच विधेयक आणलं होतं, पण ते पडून होतं. ७ फेब्रुवारीच्या रविवारी वॉशिंग्टनच्या एका प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये जॉर्ज डोखर्टी या स्कॉटलंडहून आलेल्या पाद्र्याचं प्रवचन झालं. समोर अध्यक्ष आयझेनहॉवर बसले होते. मॉस्कोतली पोरंसुद्धा विळा-हातोड्यासमोर हीच प्रतिज्ञा म्हणू शकतील, मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय, असा डोखर्टींचा सवाल होता. लिंकनच्या गेटिसबर्गच्या भाषणात ‘अंडर गॉड’ हे शब्द होतेच. शिवाय नास्तिक अमेरिकन ही कल्पनाच विसंगत आहे, असंही त्यांनी सुनावलं. चार महिन्यांत कायदा झाला. १४ जूनला, ध्वजदिनी, सही करताना अध्यक्षांनी आनंद व्यक्त केला तो असा की आता लाखो शाळकरी मुलं राष्ट्राची परमेश्वरचरणी असलेली निष्ठा रोज जाहीर करतील.

हे उद्गार लक्षात ठेवायला हवेत, कारण पुढे न्यायालयांत सूर बदलला. कॅलिफोर्नियातल्या मायकेल न्यूडाऊ या नास्तिक डॉक्टरने ‘अंडर गॉड’ या शब्दांविरुद्ध आपल्या मुलीच्या शाळेवर दावा लावला. तो वकिलीही शिकलेला होता. जून २००२ मध्ये अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला आणि देशात गहजब झाला. सेनेटने ९९ विरुद्ध शून्य मतांनी निषेधाचा ठराव केला. सर्वोच्च न्यायालयात न्यूडाऊने स्वतः युक्तिवाद केला. १९५४ मध्ये काँग्रेसमध्ये एकही विरोधी मत नव्हतं, याकडे सरन्यायाधीशांनी लक्ष वेधलं, तेव्हा तो उत्तरला की नास्तिक निवडूनच येत नाही ना! प्रेक्षकांत टाळ्या पडल्या आणि सरन्यायाधीशांनी दालन रिकामं करण्याची तंबी दिली. निकाल लागला १४ जून २००४ ला (ही तारीख या कहाणीचा पिच्छाच सोडत नाही). मुलीचा ताबा कायद्याने पूर्णपणे वडिलांकडे नाही, सबब दावा लावण्याचा अधिकार नाही, असं म्हणून न्यायालयाने मूळ प्रश्न टाळला.

ज्या न्यायमूर्तींनी तो टाळला नाही, त्यांपैकी सँड्रा डे ओकॉनर यांच्या मते हे शब्द औपचारिक आहेत, त्यांनी कुणी पूजाअर्चा करत नाही. हा बचाव मला चमत्कारिक वाटतो. देवाचं नाव टिकवायचं तर त्यात फारसा देव नाही, असं सिद्ध करावं लागतं. श्रद्धाळू माणसाला खरं तर याचाच राग यायला हवा. आणि शब्द इतके निरुपद्रवी असतील, तर ते काढायचं नाव निघताच ९९ सेनेटर एकजुटीने का उठतात?

आपल्या घटना समितीतही हा प्रसंग आला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने करण्याची सूचना मांडली. हृदयनाथ कुंझरू देव मानणारे, तरी त्यांनी विरोध केला. पूर्णिमा बॅनर्जींनी देवावर मतदान घ्यायला लावू नका अशी विनवणी केली. मतदान झालंच, आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी सूचना पडली. शपथेच्या नमुन्यांत मात्र ईश्वरसाक्ष किंवा गांभीर्यपूर्वक, असे दोन्ही पर्याय ठेवले गेले. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिलेल्या आणि आपण शाळेत म्हटलेल्या प्रतिज्ञेतही देव नाही.

अमेरिकेत तो पसरतोच आहे. २००७ मध्ये टेक्ससने आपल्या राज्याच्या वेगळ्या प्रतिज्ञेतही तेच दोन शब्द घातले. राष्ट्राच्या प्रतिज्ञेत ते आहेतच, हे कारण पुरेसं ठरलं. त्याविरुद्धचा दावा २०१० मध्ये अपिलात फेटाळला गेला. त्यामुळे ह्यूस्टन किंवा डॅलसच्या सरकारी शाळेत जाणाऱ्या मराठी घरातल्या मुलांच्या वाट्याला सकाळी दोन प्रतिज्ञा येतात, दोन्हींत देव. सूट हवी असेल तर पालकांनी शाळेला तसं लेखी द्यायचं असतं.