पारोळ्याची आठवी

आठवीतला मुलगा अकराच्या सुमारास शाळेत येतो आणि पाचच्या सुमारास घरी परततो. तेवढ्या अवधीत मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, सामान्य विज्ञान, इतिहास, भूगोल असे विषय त्याच्या पुढून एकामागून एक जातात, दर तासाला घंटा होते, शिक्षक बदलतात, फळा पुसला जातो, आणि एका गोष्टीत चित्त रमू लागावे तोच दुसरी पुढे येऊन उभी राहते. या क्रमातून मुलाच्या पदरात नेमके काय पडते ते प्रत्यक्ष पाहावे, या हेतूने डिसेंबरच्या अखेरीस मी पारोळ्यातील एका शाळेत, मुख्याध्यापकांच्या अनुमतीने, आठवीच्या वर्गातील मागच्या बाकावर दिवसभर बसलो.

आठवीच निवडली, याला कारण आहे. २००९ साली संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाची जी हमी दिली, ती आठवीअखेर संपते. शासनाकडून विनामूल्य मिळणारी पाठ्यपुस्तके आणि दुपारचा शिजवलेला आहार हेही तेथवरच. त्यापुढचे शिक्षण घरच्या ऐपतीवर आणि मुलींच्या बाबतीत बहुधा घरच्या मर्जीवरही अवलंबून राहते. तेव्हा प्रत्येक मुलाला द्यायचे म्हणून समाजाने जे कबूल केले आहे, त्याचा हिशेब मांडायचा झाल्यास तो याच वर्गात मांडावा लागतो.

त्या दिवशी भूगोलाचा तास पटांगणात होता. ‘स्थानिक वेळ व प्रमाण वेळ’ हा धडा पुस्तकात पहिलाच असल्याने पावसाळ्यातच शिकवून झालेला होता. परंतु ढगाळ आकाशाखाली सावलीचा भरवसा नाही, म्हणून शिक्षकांनी त्यातील प्रयोग निरभ्र दिवसांसाठी राखून ठेवला होता. बांबूची काठी जमिनीवर बरोबर एक मीटर राहील अशी रोवण्यात आली. दोरीला दगड बांधून केलेल्या ओळंब्याने ती सरळ उभी असल्याची दोघा मुलांनी खात्री केली. आणि बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एकेक खडा ठेवण्याचे काम सुरू झाले. बाराला सूर्य डोक्यावर येतो आणि सावली सर्वांत आखूड होते, असे बहुतेकांनी आधीच वहीत लिहून ठेवले होते. प्रत्यक्षात सव्वाबारा झाले तरी सावली आखडतच होती. मुलांमध्ये चुळबूळ सुरू झाली. एकाने काठी कलली असल्याची शंका घेऊन ओळंबा पुन्हा लावून पाहिला.

तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. पुढचा तास इतिहासाचा होता. बाई पटांगणात आल्या, खड्यांची ओळ त्यांनी न्याहाळली, आणि आपला तास सुरू करण्याऐवजी मुलांच्या मागे उभ्या राहिल्या. साडेबाराच्या सुमारास सावली सर्वांत आखूड झाली, आणि पुढच्या खुणेला ती वाढू लागली.

मग वह्या उघडल्या. भारताची प्रमाण वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२° ३०′ पूर्व रेखावृत्तावरून ठरलेली आहे. पारोळा सुमारे ७५° ७′ वर आहे. फरक ७° २३′, अंशाला चार मिनिटे, म्हणजे साडेएकोणतीस मिनिटे. घड्याळातील बारा आणि पारोळ्याचा मध्यान्ह यांतील अंतर मुलांनी आधी डोळ्यांनी पाहिले व नंतर गुणाकाराने सिद्ध केले; हा क्रम मला फार मोलाचा वाटला. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य आणि घड्याळ यांचा मेळ चांगला बसतो, म्हणून हा दिवस सोयीचा ठरला. फेब्रुवारीच्या मध्यास हाच प्रयोग केला असता तर आणखी चौदा मिनिटांची तफावत समजावून सांगावी लागली असती.

परंतु त्या प्रयोगातील उत्तम भाग कोणी योजलेला नव्हता. सर्वांत आखूड सावली मोजली, ती ९८ सेंटिमीटर भरली. काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंत एका मुलीने सहज सुतळी ताणून धरली आणि तिच्या मैत्रिणीने ती मोजली, ती १४० भरली. क्षणभर ती आकड्यांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “सर, हाई तं पायथागोरस शे!” सातवीत शिकलेला सिद्धांत तिला पटांगणात भेटला होता. मातीतच गणित मांडले गेले: शंभराचा वर्ग १०,०००, अठ्ठ्याण्णवाचा ९,६०४, बेरीज १९,६०४, आणि एकशेचाळीसचा वर्ग १९,६००. चाराचा फरक पाहून एक मुलगा हिरमुसला. मोजण्यात केसभर चूक झाली तरी एवढा फरक पडतो हे शिक्षकांनी त्याला समजावले. काठी आणि सावली तंतोतंत सारखी असती, तर ती सुतळी १४१ सेंटिमीटरांच्या थोडी पुढे गेली असती, आणि गणिताच्या पहिल्याच प्रकरणात संख्यारेषेवर ज्याची जागा शोधली ते दोनाचे वर्गमूळ मुलांच्या हातात आले असते. गणिताचे शिक्षक त्या वेळी शेजारच्या वर्गात नववीला शिकवीत होते.

दुपारनंतरच्या विज्ञानाच्या तासाचे वर्णन थोडक्यात पुरे. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदावर चुन्याच्या निवळीचा थेंब पडताच तो तांबडा होतो आणि लिंबाचा रस लागताच पुन्हा पिवळा होतो, हे मुलांनी करून पाहिले. उत्तरे पुस्तकी मराठीत दिली जात होती आणि एकमेकांची समजूत अहिराणीत घातली जात होती. शिक्षकांनी त्याला हरकत घेतली नाही, हे योग्यच केले.

इतिहासाचा तास त्याआधी वर्गात पुरा झाला होता. विषय १८५७ चा. पारोळ्यात हा धडा शिकवणे ही एक जबाबदारीच आहे, कारण गावात भुईकोट किल्ला उभा आहे. पन्नास घरांच्या वस्तीला तटबंदीचे शहर बनवणाऱ्या हरी सदाशिव दामोदर या जहागिरदारांनी तो १७२७ मध्ये बांधल्याचे गॅझेटियर सांगते. भोवती खंदक, प्रवेशाशी उचलता येणारा पूल आणि दोन्ही बाजूंस बुरूज होते. झाशीच्या राणीचे सासर असलेल्या नेवाळकर घराण्याची ही जहागीर, सत्तावनच्या उठावानंतर इंग्रजांनी जप्त केली आणि किल्ला मोडून निकामी केला. बाई हे सांगत असता सुतळी धरणाऱ्या त्याच मुलीने विचारले, की आता तटाची जेवढी सावली पडली आहे, जवळजवळ तेवढीच तटाची उंची असणार ना? बाई थांबल्या. प्रश्न बिनचूक होता. त्या दिवसांतील मध्यान्हीच्या सावलीवरून तट, बुरूज, मंदिराचे शिखर, कशाचीही उंची शिडी न लावता काढता येते. “खरं आहे, जाऊन मोजायला हवं,” एवढे त्या म्हणाल्या आणि घंटा झाली.

मोजायला कोणीही गेले नाही, आणि त्याचा दोष मी कोणास देत नाही. तो प्रश्न इतिहासाच्या तासाला निघाला, त्याची रीत गणितातली, त्याचे कारण भूगोलातले. कोणत्या तासाच्या टाचणात तो लिहावा? प्रत्येक शिक्षकाला स्वतःचा विषय दिसतो. सारे विषय एकत्र पाहणारा, वर्गातील मूल सोडल्यास, शाळेत दुसरा कोणी नाही. शेजारच्या अमळनेर येथे प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारी त्यांनी वाहिली, १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक काढले, आणि त्यांचे शिकवणे कधी घंटेबरोबर संपले नाही. प्रत्येक शिक्षकाकडून तेवढ्या समर्पणाची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. वेळापत्रकाकडून मात्र थोडी अपेक्षा धरता येते.

आठवड्यातून एक जोडतास मोकळा ठेवावा, त्या तासाला दोन विषयांच्या शिक्षकांनी एकाच वर्गाबरोबर राहावे, आणि मुलांनी विचारलेला, कोणत्याच विषयात न बसणारा एक प्रश्न हाती घ्यावा, अशी माझी पारोळ्यातील आणि जिल्ह्यातील सर्व मुख्याध्यापकांना विनंती आहे. यासाठी नव्या निधीची गरज नाही. प्रारंभ तटाच्या उंचीपासून करता येईल. काठी, सुतळी आणि मीटरपट्टी शाळेत आहेतच.