काकडीचे बी आणि माशीचे अंडे

सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावून, खानदेशची केळी, कापूस आणि भरताची वांगी पोसून, उकाईच्या जलाशयात क्षणभर थांबून तापी ज्या शहरापाशी समुद्राला मिळते, त्या सुरतेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली लक्षावधी मराठी माणसे आज पोटापाण्यासाठी स्थायिक झाली आहेत. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांतून यंत्रमागांचा आवाज अष्टौप्रहर चालू असला, तरी तेथील घरांच्या गच्च्यांकडे मान वर करून पाहिले, की रंगाच्या रिकाम्या बादल्यांतून आणि सिमेंटच्या गोण्यांतून वर चढलेले वालाचे वेल, दोडक्याच्या मांडवाच्या दोऱ्या आणि कोपऱ्यातील कढीलिंब दृष्टीस पडतो. गावाकडचा मळा सुटला, पण हाताची सवय सुटली नाही, याची ही साक्ष आहे. या गच्च्यांवर काय पिकवावे हे तेथील बायांना कोणी शिकवावयास नको. मात्र त्या पिकाला मधमाशीची जी एक लहानशी सोबत लागते, तिच्याविषयी आपल्या मासिकांतून फारसे लिहिले जात नाही, आणि ती उणीव थोडीफार भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुरत हे भाजीचे शहर आहे, असे म्हणताना मी जुन्या कतारगामचे स्मरण करतो. हिऱ्यांच्या कारखान्यांनी व्यापण्यापूर्वी तापीकाठच्या या गावाची कीर्ती तेथील पापडीमुळे होती. नदीने वर्षानुवर्षे आणून टाकलेल्या गाळाच्या जमिनीत येणारी ही कोवळी, भरदाण्याची पापडी, कोनफळ (ज्याला सुरतकर नुसते ‘कंद’ म्हणतात), लहान गोल वांगी आणि हिवाळ्यातील हिरवी लसूणपात यांच्याशिवाय संक्रांतीचे उंधियू होत नाही, आणि मराठी घरांनीही तो पदार्थ आता आपलासा केला आहे. कतारगामच्या वाड्या गेल्या. पण पापडी ही मांडवावर वाढणारी, थोड्या मातीत समाधान मानणारी वनस्पती असल्यामुळे तिला वाडीऐवजी गच्ची चालते, आणि सप्टेंबरअखेर लावलेली पापडी थंडीत फुलून संक्रांतीच्या सुमारास घरचे उंधियू घरच्या शेंगांनी करण्याचे सुख देते.

आता तक्रारीकडे वळू. गच्चीवर काकडी, कारली, भोपळा लावणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असते: वेल रग्गड वाढला, फुले पुष्कळ आली, पण सगळी गळून गेली. या तक्रारीचा अर्धा भाग निराधार आहे, कारण या वेलींना पहिले आठ-दहा दिवस बहुधा केवळ नर फुलेच येतात आणि ती गळणे हाच त्यांचा धर्म आहे. उरलेला अर्धा भाग मात्र विचार करण्याजोगा आहे. सकाळी सात वाजता काकडीच्या वेलाजवळ बसून पाहावे. बारीक देठावर उभे असलेले पिवळे फूल नर, आणि ज्याच्या पाकळ्यांखाली करंगळीच्या टोकाएवढी, केसाळ, पूर्ण घडणीची काकडी आधीच तयार असते ते मादी. ती चिमुकली काकडी म्हणजे अद्याप केवळ संकल्प आहे. सकाळच्या त्या पाच-सहा तासांत नर फुलातील पराग पुरेशा प्रमाणात तिच्या फुलात पोचला, तरच तिची खरी काकडी होते. एकही माशी आली नाही, तर ती पिवळी पडून तिसऱ्या-चौथ्या दिवशी गळते. एखादीच येऊन गेली, तर काकडी धरते, परंतु एका टोकाला फुगलेली आणि दुसऱ्या टोकाला आकसलेली, वाकडी. बाजारातल्या वाकड्या काकडीकडे पाहून बियाणे वाईट निघाले, असे आपण म्हणतो. बहुधा त्या दिवशी माश्या कमी आल्या होत्या, एवढाच त्याचा अर्थ असतो.

सर्वच भाज्यांना माशीची गरज सारखी नसते, हेही येथे नमूद केले पाहिजे. भेंडी आणि वाल स्वतःच्याच परागाने बव्हंशी निभावून नेतात. पालक, मेथी, माठ यांची आपण पानेच खातो, म्हणून त्यांचा प्रश्नच उद्भवत नाही. दोडका आणि दुधी यांची फुले संध्याकाळी उमलतात, आणि दुधीचे पांढरे फूल तर निशाचर पतंगांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असते. पाचव्या मजल्यावर पतंग क्वचितच येतात, म्हणून दिवेलागणीस नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवावे, म्हणजे दुधी धरतो. वांगी आणि टोमॅटो यांची गोष्ट याहून विलक्षण आहे. त्यांच्या परागकोशांना केवळ टोकाशी सूक्ष्म छिद्रे असतात, आणि आतला पराग बाहेर यावा म्हणून फूल घट्ट धरून छातीचे स्नायू वेगाने थरथरवावे लागतात. ही विद्या मधमाशीला अवगत नाही. ती काळ्या भुंग्याला आणि पोटावर निळसर पट्टे असलेल्या एका एकलकोंड्या माशीला साधते. भुंगा लाकडी वाशाला भोके पाडतो म्हणून त्याला मारणाऱ्यांनी आपल्या वांग्याच्या झाडाशी त्याचा असलेला संबंध लक्षात ठेवावा.

मधमाश्यांच्या चार जाती आपल्या मुलखात सामान्यतः आढळतात. पाण्याच्या टाक्यांखाली आणि उंच इमारतींच्या सज्जांना एकच प्रचंड पोळे लटकवणारी आग्या, झुडपात तळहाताएवढे पोळे बांधणारी फुलोरी, अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी रचणारी सातेरी, आणि भिंतीच्या फटीत राळेची नळी काढून राहणारी, डंख नसलेली, मुंगीपेक्षा किंचित मोठी अशी चिमुकली माशी, जिला काही भागांत पोयाची माशी म्हणतात. आग्या आणि फुलोरी यांना पेटीचा बंदिवास मानवत नाही. सातेरी पेटीत राहते, परंतु तिचे खरे माहेर सुरतेच्या पूर्वेस डांगच्या अरण्यात आहे, आणि सुरतेच्या सपाट, तापट, सिमेंटच्या प्रदेशात तिला सुखाने नांदविणे हे अभ्यासाचे काम आहे. पाचवी, युरोपातून आलेली मेलिफेरा, १९६२ मध्ये हिमाचलातील नगरोटा येथे प्रथम यशस्वीरीत्या रुजविली गेली आणि आज व्यापारी मधपाळ तिच्याच पेट्या ओवा, बडीशेप, मोहरी यांच्या शेतांतून मालमोटारींनी फिरवतात. तिला विस्तीर्ण फुलोरा लागतो. गच्ची हे तिचे स्थान नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या सगळ्या विवेचनात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आता सांगतो. राणीने आज घातलेल्या अंड्यातून कामकरी माशी बाहेर पडण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. बाहेर पडल्यावर ती लगेच फुलांकडे जात नाही. पोळ्याची साफसफाई, पिलाव्याला चारा देणे, मेण काढणे, दारावर पहारा, अशी घरातील कामे ती आणखी दोन-तीन आठवडे करते आणि आयुष्याच्या अखेरच्या दोन-तीन आठवड्यांतच मकरंद आणि पराग आणावयास निघते. म्हणजे आज तुमच्या काकडीच्या फुलावर आलेली माशी ही सुमारे दीड महिन्यापूर्वी घातलेल्या अंड्याची आहे. आणि काकडीचे बी रुजल्यापासून तिला फूल येण्यासही जवळजवळ तितकाच, पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांचा काळ लागतो. बी आणि अंडे या दोन्हींची सुरुवात एकाच आठवड्यात झाली, तर फूल आणि माशी यांची गाठ पडते. म्हणून बाग फुलल्यावर माश्या आणू, असे म्हणणारा मनुष्य दीड महिना उशिरा जागा झालेला असतो. ज्याला फळ हवे आहे, त्याने बी टाकतेवेळीच आसपास दुसरे काही फुललेले आहे की नाही, याची रुजवात घातली पाहिजे, कारण पराग आत येत असेल तरच राणी अंडी घालते.

वर्षभराच्या फुलांचा हा जमाखर्च सुरतेत कसा बसतो ते पाहू. फेब्रुवारीत शेवगा आणि आंब्याचा मोहर, मार्च-एप्रिलमध्ये कडुनिंब, जांभूळ आणि करंज, पुढे चिंच, असा जमेचा काळ लागोपाठ येतो, आणि रस्त्याकडेच्या या झाडांवरच शहरातील माश्यांचे खरे उत्पन्न अवलंबून असते. एका गच्चीतील फुले म्हणजे चिल्लर. पुढे मृगात दोडका, कारली, काकडी, गवार यांची पेरणी होते. परंतु जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस या शहरावर कोसळतो, त्यात फुलांतील मकरंद धुऊन जातो, माश्यांना दिवसदिवस बाहेर पडता येत नाही, आणि नेमका आपल्या वेलींना त्यांची गरज असते तेव्हाच त्यांच्या घरात दुष्काळ असतो. पेटी पाळणाऱ्याने या दिवसांत समभाग साखर आणि समभाग पाण्याचा पाक पेटीच्या आत, संध्याकाळी, थेंबही न सांडता द्यावा. सांडलेल्या पाकावर मुंग्या आणि परक्या माश्या तुटून पडतात. पेटीच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची तजवीज बाराही महिने लागते. दुर्बळ झालेल्या पोळ्यात मेणकिडा शिरतो, तेव्हा पावसाळ्यात रिकामी पोळी आत ठेवू नयेत.

पेटी नसली तरी पावसाळ्याचा बंदोबस्त करता येतो, आणि माझ्या मते बहुतेक घरांनी पेटीपेक्षा याच मार्गाने जावे. तुळस, सब्जा, झेंडू, सूर्यफूल यांची चार-दोन रोपे नेहमी फुलावर असू द्यावीत. कोथिंबिरीचा एक वाफा खुडून न संपवता फुलू द्यावा. तिची पांढरी, बारीक फुले छत्रीसारखी उघडली, की सकाळच्या उन्हात त्यांच्यावर पोयाची माशी, फुलोरी, लहान हिरव्या माश्या आणि मावा खाणाऱ्या अळ्यांच्या आया अशी सर्वांची गर्दी उडते, आणि वर धणे मिळतात ते निराळेच. उन्हाळ्यात एका उथळ मातीच्या भांड्यात खडे टाकून पाणी ठेवावे. चाळीस अंश उष्म्यात पिलाव्याचे तापमान तेहतीस ते पस्तीस अंशांवर राखण्यासाठी माश्या पाणी वाहून आणून, पोळ्यावर शिंपून, पंखांनी वारा घालत असतात, आणि जवळ पाणी मिळाले नाही तर शेजाऱ्याच्या वातानुकूलकाखाली त्यांचा तांडा जमतो व तक्रार सुरू होते.

ज्याला तरीही प्रत्यक्ष पाळणूक करावयाची आहे, त्याने सुरतेत पोयाच्या माशीपासून आरंभ करावा. डंख नाही, म्हणून लहान मुले असलेल्या घरातही ती चालते. तिचा संचार काहीशे मीटरच्या आतच असल्यामुळे ती तुमच्याच झाडांवर येते. केरळात तिला वेळूच्या नळकांड्यांत, मडक्यांत आणि लहान लाकडी पेटीत ठेवण्याची पद्धत चांगली रुळलेली आहे. मेण आणि राळ यांच्या मिश्रणाने केलेल्या छोट्या कुप्यांत ती आंबटगोड मध साठवते, वर्षाला फार तर काहीशे ग्रॅम. मधासाठी तिला पाळू नये, काकडीसाठी पाळावे. सातेरीकडे वळायचे, तर आधी रीतसर शिक्षण घ्यावे. महाबळेश्वरचे मध संचालनालय आणि १९६२ साली स्थापन झालेली पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था ही या विद्येची आपल्याकडील मान्यवर पीठे आहेत. महाबळेश्वरशेजारचे मांघर तर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. या शिक्षणात हलत्या चौकटींची पेटी उघडून दाखवतात. दोन पोळ्यांत माश्यांना हिंडण्यापुरते, सेंटीमीटरहून किंचित कमी, अंतर सोडले तर त्या ते मेणाने भरत नाहीत, हे १८५१ साली लँगस्ट्रॉथ या अमेरिकी धर्मोपदेशकाच्या ध्यानात आले, आणि त्या एका निरीक्षणामुळे पोळे न तोडता मध काढणे शक्य झाले.

कीटकनाशकाविषयी मी कठोर आहे. फुले उमललेली असताना सकाळी फवारणी करणे हा या क्षुद्र जीवांवर केलेला अन्याय आहेच, शिवाय स्वतःच्या फळांचाही तो घात आहे. मावा दिसला तर प्रथम पाण्याचा जोरदार फवारा मारावा. तेवढ्याने न भागल्यास पाच टक्के निंबोळी अर्क सूर्यास्तानंतर, माश्या घरी परतल्यावर फवारावा. सोसायटीत डासांसाठी धुरळणी होणार असल्याचे आधी कळले, तर त्या रात्री पेटीचे दार जाळीने बंद करून पहाटे उघडावे. आणि टाकीखालच्या आग्याच्या पोळ्याला पलिते लावून जाळणारी माणसे बोलावू नयेत. फुलोरा सरला की आग्या आपणहून मुक्काम हलवते. तोवर त्या बाजूला रात्री प्रखर दिवा लावू नये आणि धूर करू नये, एवढा संयम पुरेसा होतो.

मध काढायचा तो एप्रिलच्या आसपास, करंजाचा बहर ओसरताना. चौकटीतील घरे मेणाच्या झाकणांनी मिटलेली असतील, तरच तो पक्व समजावा. उघड्या घरांतील मधात पाण्याचा अंश वीस टक्क्यांहून अधिक राहतो व तो महिन्याभरात आंबतो. पाक दिलेल्या दिवसांतील साठा मध म्हणून काढू नये. मधकोठीतील चौकटी यंत्रात फिरवून रिकाम्या कराव्यात, परंतु पिलाव्याच्या कोठीतील कडेच्या चौकटींना हात लावू नये, कारण पुढे मे महिन्याची काहिली आणि त्यानंतर पावसाचे तीन महिने येणार आहेत, आणि मृगातल्या काकडीसाठी लागणाऱ्या माश्यांची अंडी त्याच साठ्याच्या भरवशावर जूनमध्ये घातली जाणार आहेत.