गवत निवडताना

अमेरिकेत मिनियापोलिसच्या उत्तरेला सीडर क्रीक हे मिनेसोटा विद्यापीठाचं संशोधन क्षेत्र आहे. जमीन वाळूची, नत्र कमी असलेली. १९८२ साली डेव्हिड टिलमन यांनी इथे चार बाय चार मीटरचे २०७ चौकोन आखले. बहुतेक जुन्या, नांगरून सोडून दिलेल्या शेतांत; काही मात्र नांगर कधीच न लागलेल्या, ओकच्या झाडांमधल्या मूळच्या गवताळ रानात. काहींना काहीच द्यायचं नाही. बाकीच्यांना दरवर्षी नत्राची वेगवेगळी मात्रा द्यायची, पण स्फुरद, पालाश वगैरे सगळ्यांना सारखं. त्यामुळे या चौकोनांमध्ये जो फरक दिसेल, तो नत्राचाच.

तिथे उन्हाळी मदतनीस म्हणून मी गवत कापलं आणि निवडलं. मोजे पँटवर ओढून घ्यायचे, नाहीतर गोचिडी चढतात. दहा सेंटिमीटर रुंद आणि तीन मीटर लांब पट्टा आखायचा, त्यातलं सगळं जमिनीलगत कापून पिशवीत भरायचं. एवढं पटकन उरकतं. वेळ लागतो तो पुढे, टेबलावर. तांदळातले खडे वेचावेत तशी एकेक काडी उचलून तिची जात ठरवायची. फुलोरा नसेल तर पात्यावरून, पेरावरून. क्वॅकग्रासच्या पात्याच्या बुडाशी नखांसारखी दोन टोकं खोडाला विळखा घालतात. केंटकी ब्लूग्रासच्या पात्याचं टोक होडीच्या नाळेसारखं असतं. लिटल ब्लूस्टेमचा बुंधा चपटा, निळसर. गेल्या वर्षीचा वाळलेला पाचोळा वेगळा काढायचा. मग प्रत्येक जातीचं स्वतंत्र पाकीट, वाळवणी आणि वजन.

बिनखताच्या चौकोनाची पिशवी हलकी असते, पण टेबलावरची पाकिटांची रांग लांबत जाते. ब्लूस्टेम, बारीक लव्हाळे, शेंगवर्गीय बुश क्लोव्हर, दोन-तीन पानांचं एखादं रोप, जे ओळखायला भिंग लागतं. जुन्या शेतातल्या भरपूर खताच्या चौकोनाची पिशवी जड. तिच्यात मूठ-मूठ क्वॅकग्रास, त्याखाली पाचोळाच पाचोळा, आणि पाकिटं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. फक्त वजनकाटा पाहणारा माणूस या दुसऱ्या चौकोनाला चांगलं कुरण म्हणेल. म्हणूनच निवडण्याचं हे कंटाळवाणं काम मला मोलाचं वाटतं. काय गेलं, हे त्याशिवाय कळतच नाही.

नत्र कमी असतं तेव्हा झगडा जमिनीखाली चालतो. तिथे ब्लूस्टेमसारखी दाट, बारीक मुळांची गवतं तग धरतात. स्वतः नत्र बांधणाऱ्या शेंगवर्गीयांनाही जागा मिळते. खत पडलं की हा झगडा वर, उजेडासाठी सुरू होतो. झपाट्याने उंच होणारं गवत बाकीच्यांवर सावली धरतं आणि बुटकी रोपं अंधारात संपतात. २००९ साली यान ओतिए आणि सहकाऱ्यांनी खत दिलेल्या गवताच्या बुडाशी दिवे लावून पाहिले. खालच्या रोपांना उजेड मिळाला आणि जातींची घट टळली.

पण जास्त अस्वस्थ करतात ते छोट्या मात्रेचे आकडे. टिलमन आणि ख्रिस्तोफर क्लार्क यांनी २००८ साली २३ वर्षांचा हिशेब मांडला. हेक्टरी वर्षाला फक्त १० किलो नत्राने जाती १७ टक्क्यांनी घटल्या होत्या. युरियात मोजलं तर हे एकरी जेमतेम नऊ किलो होतं, ४५ किलोच्या गोणीचा पाचवा हिस्सा. शेतात एवढं खत कुणी खिजगणतीतही धरणार नाही. शिवाय किलोमागे होणारं नुकसान कमी मात्रेलाच जास्त दिसलं. आणि नत्र काही फक्त गोणीतून येत नाही. गाड्यांचा धूर, कारखाने, शेणामुताचा अमोनिया यांतलं नत्र पावसाबरोबर, कोणी न टाकताही, रानावर उतरतं.

१९९२ साली काही चौकोनांचं खत थांबवलं. कमी मात्रेच्या चौकोनांत जातींची संख्या दशकभरात सावरली, पण कोणती जात किती, हे प्रमाण पूर्वीसारखं झालं नाही. भरपूर खत मिळालेल्या चौकोनांत मातीतलं नायट्रेट उतरलं, तरी दोन दशकांनंतरही जाती कमीच होत्या. पाचोळ्याचा जाड थर बी मातीपर्यंत पोचू देत नाही. पोचलं तरी कोवळ्या रोपाला उजेड नसतो. आणि आसपासच्या रानातूनच एखादी जात नाहीशी झाली असेल, तर बी येणार कुठून? अशा जागी नुसतं खत बंद करून भागत नाही. पाचोळा जाळावा किंवा ओढून काढावा लागतो, आणि हरवलेल्या जातींचं बी दुसरीकडून आणून पेरावं लागतं.