हरकत मोजत नाहीत, वाचतात

पुण्या-मुंबईतून इंजिनीअर होऊन अमेरिकेत एमएस करणाऱ्या मुलांच्या घरी 'ओपीटी' ही तीन अक्षरं पाठ असतात. पदवीनंतर एक वर्ष तिथं काम करण्याची ही मुभा, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना त्यापुढं मुदतवाढही. ऑगस्ट २०१५ मध्ये ही मुदतवाढ एकदम अडचणीत आली. २००८ साली गृहसुरक्षा खात्यानं ती १७ महिन्यांची लागू केली, तेव्हा निकड असल्याचं सांगून लोकांच्या हरकती आधी मागवल्याच नव्हत्या. वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयानं नेमक्या याच कारणावरून नियम रद्द ठरवला. खात्याला चूक सुधारायला वेळ मात्र दिला. ऑक्टोबरमध्ये नवा मसुदा आला, त्यावर ५० हजारांहून अधिक अभिप्राय जमा झाले आणि मे २०१६ पासून २४ महिन्यांची मुदतवाढ लागू झाली.

लोकांना विचारण्याची एक पायरी गाळली म्हणून हजारो विद्यार्थ्यांचं भवितव्य टांगणीला लागावं, इतकी ती महत्त्वाची का?

अमेरिकी काँग्रेस कायदे करते, पण ते ढोबळ असतात. औषधाच्या वेष्टनावर काय छापायचं, गाडीत कोणती सुरक्षा हवी, व्हिसाच्या अटी काय, हे तपशील ठरवतात संघीय खाती आणि नियामक संस्था. तिथले अधिकारी निवडून आलेले नसतात. त्यांच्या हाती एवढी सत्ता देताना १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानं एक अट घातली: नियमाचा मसुदा आधी राजपत्रात छापा, लोकांचं म्हणणं मागवा, ते विचारात घ्या आणि अंतिम नियमाबरोबर त्यामागची कारणं सांगा. मुदत साधारण ३० ते ६० दिवसांची असते. २००३ पासून सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या अभिप्राय देता येतो. त्यासाठी नागरिक असण्याची, वकील नेमण्याची किंवा पैसे भरण्याची गरज नाही.

या तरतुदीला दात आले ते न्यायालयांमुळे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं बोट्युलिझमची विषबाधा टाळण्यासाठी धुरी दिलेल्या सगळ्याच माशांना एकसारखा नियम लावला होता: १८० अंश फॅरनहाइटला अर्धा तास. व्यावसायिकांनी लेखी कळवलं, की प्रत्येक जातीचा मासा वेगळा. एवढ्या उष्णतेत व्हाइटफिश विकण्याजोगा राहणार नाही. प्रशासनानं या आक्षेपाला धड उत्तर दिलं नाही. १९७७ मध्ये अपील न्यायालयानं त्या माशापुरता नियम अवैध ठरवला. महत्त्वाच्या आक्षेपाकडं दुर्लक्ष करून केलेला नियम टिकत नाही, हा धडा तेव्हापासून प्रत्येक खात्याचे वकील लक्षात ठेवतात.

संख्येचाही परिणाम होतो, पण ती खरी असेल आणि तिच्यामागं मुद्दा असेल तर. डिसेंबर १९९७ मध्ये कृषी खात्यानं सेंद्रिय अन्नाच्या व्याख्येचा मसुदा काढला. जनुकीय बदल केलेली पिकं, किरणोत्सारानं निर्जंतुक केलेलं अन्न आणि सांडपाण्याच्या गाळाचं खत या तिन्ही गोष्टींना त्यात वाव ठेवला होता. पावणेतीन लाखांहून अधिक हरकती आल्या. खात्यानं मसुदा मागं घेतला आणि २००० च्या अंतिम नियमात तिन्ही गोष्टी बाद झाल्या.

याच्या अगदी उलट घडलं २०१७ मध्ये. नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांना समान वागणूक देण्याच्या नियमांवर अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडं सव्वादोन कोटींच्या आसपास अभिप्राय आले. त्यांतले जवळपास १ कोटी ८० लाख बनावट होते, असं न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांच्या २०२१ च्या अहवालात उघड झालं. सुमारे ७७ लाख तर १९ वर्षांच्या एकाच कॉलेजकुमारानं संगणकावर तयार केले होते. ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशांवरही अशीच मोठी मोहीम चालली होती. अभिप्राय म्हणजे मतदान, असा समज करून घेतला की असं होतं. नियामकावर बहुमताचं बंधन नसतंच. त्याच्यावर बंधन असतं ते मुद्द्याला उत्तर देण्याचं.

म्हणून नुसतं 'माझा विरोध आहे' एवढंच लिहिल्यानं फार काही साधत नाही. मसुद्यातलं नेमकं कलम, त्याचा आपल्यावर होणारा परिणाम, हाताशी असलेली आकडेवारी आणि सुचवायचा पर्याय, या चार गोष्टी असलेलं एक पान फॉरवर्ड केलेल्या हजार पत्रांपेक्षा उपयोगी पडतं. मसुद्याची वाट पाहायलाही नको. जुना नियम बदला किंवा रद्द करा, असा अर्ज करण्याचा हक्क १९४६ चाच कायदा देतो. अर्थात मैदान सपाट नाही. कंपन्यांकडं पगारी वकील असतात, आणि 'निकड' दाखवून ही पायरी टाळण्याची पळवाटही कायद्यातच आहे.

'हरकती व सूचना' आपल्याला विकास आराखड्यांमुळं परिचित आहेत. केंद्राच्या २०१४ च्या धोरणातही मसुद्यासाठी किमान ३० दिवस आणि आलेल्या अभिप्रायांचा गोषवारा संकेतस्थळावर देण्याची अपेक्षा आहे. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे. मुद्द्याला उत्तर देण्याची सक्ती आपल्याकडं व्हावी, ही मागणी आपणच लावून धरायला हवी.

आणि अमेरिकेतल्या मराठी मंडळींना एक विनंती: व्हिसाचा पुढचा मसुदा आला की व्हॉट्सॲपवर हळहळण्याआधी तो वाचा आणि स्वतःचा अनुभव स्वतःच्या शब्दांत लिहून मुदतीत पाठवा. पासपोर्ट क्रमांक तेवढा त्यात घालू नका, कारण हे अभिप्राय सगळ्या जगाला वाचता येतात.